दुसऱ्याच्या नावचे गोल

ताथवडे,
३ नोव्हेंबर २०२४

वस्ताद,

पाया पडतो. रागावला असाल तर पाय मागे घ्या, मी तरीही पडतो. तुमच्या कानाच्या यंत्राला फोन लावला की शिट्टी वाजते, म्हणून पत्र लिहितोय. शाळेनंतरचं हे पहिलंच पत्र, तेव्हा शुद्धलेखनावर फाउल देऊ नका.

तर तुमचा समर्थ मोठा माणूस झाला. कंपनी महाळुंग्याला आहे, गाड्यांचे बाजूचे आरसे बनवते. मला राहायला फ्लॅट दिलाय ताथवड्याला, अकराव्या मजल्यावर, कारण निरंजन सर म्हणतात की स्टार खेळाडूला स्टँडर्ड पाहिजे. निरंजन सर म्हणजे आमचे क्वालिटीचे मॅनेजर, आणि उरलेल्या वेळात फुटबॉलचे कोच. घर आणि कंपनी यांच्यामध्ये तळेगाव-चाकण रस्ता आहे. रोज तीन तास बसमध्ये बसतो आणि दीड तास मैदानावर पळतो. स्टँडर्ड म्हणतात ते हेच असावं.

गेटवर माझा फ्लेक्स लावलाय, 'कोल्हापूरचा वाघ'. फोटो एवढा ताणलाय की आईलाही मी ओळखू येणार नाही. आपल्या तालमीच्या फुटबॉल टीममधून मला उचलायला कंपनीने जे मोजले, त्यात एक जुनं सीएनसी मशीन आलं असतं, असा पोरांचा हिशोब आहे. म्हणून माझं नाव पडलंय 'मशीन'.

अट एकच. आंतरकंपनी चषकात गोल करायचे. केले तर एप्रिलमध्ये कायम नोकरीचं पत्र, नाही केले तर सहा महिन्यांचा अनुभवाचा दाखला आणि रामराम. आत्तापर्यंत तीन मॅच झाल्या, गोल शून्य. काल बसमध्ये मागून कोणीतरी म्हणालं, "मशीन अजून ट्रायलवर हाय का रं?" सगळी बस हसली. ड्रायव्हरसुद्धा.

गल्लीत मला गद्दार म्हणतात हे कळलं. मी निघालो तेव्हा तुम्हीही काही बोलला नाहीत, सायकलचं चाक फिरवत बसलात. तुम्हीही तसंच म्हणता का, तेवढं कळवा.

तुमचा
समर्थ


कोल्हापूर,
११ नोव्हेंबर २०२४

चिरंजीव मशीन यास,

पत्र पोचलं. अकराव्या मजल्यावरून आलेलं, म्हणून हात धुऊन उघडलं.

मी तुला गद्दार म्हणतो का, असं विचारतोस. लेका, मी तुझ्याबद्दल बोलतच नाही. पंक्चर काढायला आलेल्या कुणी तुझा विषय काढला की मी पंप हातात घेतो. गल्ली मात्र रोज तुझ्या नावाने शिव्या घालते, म्हणजे गल्लीला तुझी आठवण आहे असं समज आणि खूश राहा.

तीन मॅच आणि शून्य गोल! इथे गुडघाभर चिखलात, दोन आडदांड बॅक अंगावर घेऊन तुला गोल सापडायचा. तिथे हिरवळ आहे, कंपनीचे बूट आहेत, पाणी बाटलीतून मिळतं आणि गोल सापडत नाही? आरशांच्या कंपनीत आहेस, एखाद्यात जरा स्वतःकडे बघ.

आता खेळाचं. तू मला तुझा फ्लॅट सांगितलास, बस सांगितलीस, फ्लेक्स सांगितलास. तुला पास कोण देतं ते लिहिलंच नाहीस. फॉरवर्ड एकट्याने गोल करत नसतो, एकट्याने तो फक्त चुकवतो. पुढच्या पत्रात तेवढंच लिही.

तुझी नूरबी चाची खर्डा पाठवतेय. पोरगं जेवत नसणार म्हणते. मी म्हटलं, एवढ्या उंचावर राहणारी माणसं काकड्या खातात. तिने ऐकलं नाही.

तुझा (हे अजून नक्की ठरवलेलं नाही)
लालमहंमद


ताथवडे,
८ डिसेंबर २०२४

वस्ताद,

खर्डा पोचला. शेजारच्या फ्लॅटमधल्या आयटीवाल्याने चव घेतली आणि दुसऱ्या दिवशी रजा टाकली. चाचींना सांगा, गेल्या दोन महिन्यांत एवढं एकच काम माझ्या हातून तडीस गेलंय.

पाच मॅच झाल्या. गोल शून्य. पण काळजी करू नका, कंपनीने माझ्यावर मीटिंग घेतली. इथे आरशाला चरा पडला तर पाच वेळा 'का' विचारायची पद्धत आहे. पाचव्या 'का'ला चुकीचं मूळ हाती लागतं म्हणे. निरंजन सरांनी अख्खी टीम कॉन्फरन्स रूममध्ये बसवली, बिस्किटं मागवली आणि फळ्यावर लिहिलं: गोल का झाला नाही?

मी म्हणालो, चेंडू बाहेर गेला. चेंडू बाहेर का गेला? घाईत मारला. घाईत का मारला? दोन बॅक अंगावर आले होते. ते अंगावर का आले? पास उशिरा मिळाला.

सरांनी पाचवा 'का' लिहिला. पास उशिरा का मिळाला?

वस्ताद, अकरा माणसं बसली होती. कोणी बिस्किटाकडे बघतंय, कोणी बुटाकडे. शेवटी सरांनीच 'प्रशिक्षणाचा अभाव' असं लिहून टाकलं, सगळ्यांच्या सह्या घेतल्या आणि मला दोन दिवसांच्या ट्रेनिंगला पाठवलं. ट्रेनिंगचा विषय आग विझवणे हा होता, कारण त्या आठवड्यात तेच उपलब्ध होतं.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. पास येतात, पण मी धावून पुढे गेल्यावर मागे येतात, किंवा मी थांबल्यावर पुढे. मला वाटतं माझाच वेग बसत नाहीये. इथली हवाही कोरडी आहे.

समर्थ


कोल्हापूर,
१६ डिसेंबर २०२४

हवामान खात्याचे अधिकारी समर्थराव,

हवा कोरडी आहे म्हणून पास मागे येतात, हा शोध लावल्याबद्दल अभिनंदन. तुमचे निरंजन सर आणि तू मिळून एक पुस्तक काढा.

अरे येड्या, एवढ्या मॅच खेळलास आणि तुला हे कळू नये? चुकून पास चुकला तर कधी डावीकडे जातो, कधी उजवीकडे. दर वेळी बरोबर एक पाऊल चुकवायचं असेल तर मुद्दाम चुकवावा लागतो, आणि त्यासाठी पाय चांगला लागतो. तुझी टीम चांगली आहे. ती तुला खेळवत नाहीये एवढंच.

पाचवा 'का' फळ्यावर सुटत नसतो. त्या पोरांच्या शेजारी बसून जेव आणि एकच विचार, माझ्या आधी या जागेवर कोण खेळायचं? मग मला लिही. आणि त्या आग विझवण्याच्या ट्रेनिंगचं प्रशस्तिपत्र मिळालं असेल तर फ्रेम कर, एवढ्या किमतीच्या खेळाडूकडे काहीतरी असावं.

लालमहंमद


ताथवडे,
१९ जानेवारी २०२५

वस्ताद,

तुमचं खरं निघालं. खरं निघायला नको होतं.

माझ्या जागेवर गणराज खेळायचा. पॅकिंगला आहे, आरसे खोक्यात भरतो. उदगीरकडचा. नऊ वर्षं याच कंपनीत आहे, पण ठेकेदाराच्या कार्डावर. दर सात महिन्यांनी त्याला ब्रेक देतात आणि महिन्याभराने नवं कार्ड करून पुन्हा त्याच टेबलावर उभा करतात. कागदावर तो नऊ वर्षं नवीनच आहे.

आता ऐका. चषकात फक्त कंपनीच्या पटावरची माणसं खेळू शकतात, ठेकेदाराची नाही. म्हणून गणराज दरवर्षी पिंटूच्या नावाने खेळला. पिंटू स्टोअरमध्ये आहे, कायम आहे आणि कँटीनपर्यंत चालत गेला तरी त्याला धाप लागते. कार्ड पिंटूचं, पाय गणराजचे. एकतीस गोल केलेत त्याने. ऑफिसच्या भिंतीवर सोनेरी अक्षरांत लिहिलंय, 'सर्वाधिक गोल: पिंटू'. पिंटूला त्याबद्दल दोन वेळा पगारवाढ मिळाली आणि एक मिक्सर. मिक्सर मात्र त्याने गणराजला दिला. मन मोठं आहे.

गेल्या वर्षी सरांनी गणराजला शब्द दिला होता, की पुढची कायम जागा निघेल ती तुझी. जागा ऑक्टोबरमध्ये निघाली.

त्या जागेवर मी बसलोय, वस्ताद.

मी त्याच्या टेबलाशी गेलो. म्हटलं, मला माहीत नव्हतं. तो खोक्याला टेप लावत होता. म्हणाला, "तुमच्यावर राग न्हाई भाऊ. तुमी काय करणार? पण पोरायच्या पायातून पास निघंना, त्याला मी तरी काय करू?" आणि मला त्याच्या डब्यातली ज्वारीची भाकरी दिली. मी खाल्ली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मला घरी यायचंय. गद्दार तर गद्दार.

समर्थ


कोल्हापूर,
२७ जानेवारी २०२५

समर्थ बाळा,

हे पत्र मी तुझ्या वस्तादांना न सांगता लिहितेय. ते दुकानात आहेत. तुझं पत्र वाचून दोन दिवस जेवताना बोलले नाहीत, आणि विचारलं तर म्हणाले, भाजीत मीठ कमी आहे. मीठ बरोबर होतं.

तुला एक गोष्ट ठाऊक नाही. त्या कंपनीचा माणूस खेळाडू शोधत आला, तेव्हा त्याला दुकानात बसवून चहा पाजून तुझं नाव यांनीच सांगितलं. तुला न्यायला लावलं यांनी आणि वर गल्लीत तोंड पाडून बसले, जसं काही चोरीच झाली.

एकोणीसशे शहाऐंशी साली यांनाही पिंपरीच्या एका कंपनीने बोलावलं होतं, टीमसाठी, कायम नोकरीवर. पेठ सोडायची नाही म्हणून गेले नाहीत. पेठेने केवढा मोठा हार घातला! हार दोन दिवसांत सुकला आणि पंक्चरचं दुकान अडतीस वर्षं चालू आहे. माझी तक्रार नाही, पण खोटं कशाला बोलू.

ते तुला टोचून बोलतात कारण त्यांना दुसरं येत नाही. तू हात हलवत परत आलास तर ते तुला काही म्हणणार नाहीत, स्वतःला म्हणतील. त्या दुसऱ्या पोराचंही वाईट वाटतं. काय करावं ते मला सांगता येत नाही. जेवत जा.

तुझी
नूरबी चाची


ताथवडे,
९ मार्च २०२५

वस्ताद,

चषक आपण जिंकला. म्हणजे कंपनीने. म्हणजे गणराजने. सावकाश सांगतो.

आमचा गोलकीपर भिंतीसारखा आहे, त्याच्या जिवावर आम्ही फायनलला पोचलो. अख्ख्या स्पर्धेत माझा एक गोल, तोही पाठमोरा असताना टाचेला लागून गेला. फायनलच्या दोन दिवस आधी माझा घोटा मुरगळला. मैदानावर नव्हे, कंपनीच्या बसमधून उतरताना. इतक्या महागाच्या पायाला शोभेल असं काहीतरी व्हायला हवं होतं, पण नाही झालं.

खेळाडूंची यादी आधीच गेली होती, त्यात नवं नाव घालता येईना. निरंजन सरांनी गणराजला बोलावलं, माझं कार्ड आणि दहा नंबरची जर्सी त्याच्या हातात ठेवली. मला विचारलं, "चालेल ना?" मी म्हटलं, चालेल काय सर, पळेल! मला मनापासून आनंद झाला. निदान एकदा तरी माझ्याकडून त्याला काहीतरी मिळत होतं.

वस्ताद, काय खेळला तो! पास त्याच्या पायाशी आपसूक येत होते. मी बाहेर पाय पाण्यात बुडवून बसलो होतो आणि पहिल्यांदाच मला कळलं की ही टीम केवढी चांगली आहे. दोन गोल मारले त्याने. बक्षीस द्यायला मालक दौलतराव आले होते. त्यांनी गणराजचा हात हातात घेतला आणि माईकवर म्हणाले, "शाब्बास समर्थ! कोल्हापूरचं पाणी!" गणराज म्हणाला, "व्हय साहेब." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीसुद्धा.

आता माझं ठरलंय. मोसमात माझा एकच गोल, तेव्हा एप्रिलमध्ये मी आपोआप जाईन आणि जागा गणराजला मिळेल. सरही म्हणाले, त्याचं बघतो. शहाऐंशी सालचं मला कळलंय, म्हणून तुम्हाला आधी सांगतो. मन मोडून घेऊ नका. चाचींवर रागावू नका.

समर्थ


कोल्हापूर,
१७ मार्च २०२५

गाढवा,

आज टोमणा सुचत नाही.

नूरबीने लिहिलं ते सगळं खरं आहे. मीच तुला पाठवलं. माझ्यासारखा आणखी एक म्हातारा या गल्लीत तयार होऊ नये असं मला वाटत होतं, आणि तुझ्यावर माझा जीव आहे म्हणून वाटत होतं. हे एकदाच लिहितोय, पुन्हा विचारू नकोस.

आता मला एवढंच सांग. ते दोन गोल कागदावर कुणाच्या नावाने लागले, ते बघितलंस का?

लालमहंमद


ताथवडे,
१३ एप्रिल २०२५

वस्ताद,

बघितलं. कंपनीनेच दाखवलं. माझ्या हातात कायम नोकरीचं पत्र ठेवलं, त्यात लिहिलंय, 'अंतिम सामन्यातील आपले दोन निर्णायक गोल विचारात घेऊन'. त्याच आठवड्यात गणराजला ब्रेक मिळाला. या वेळी नवं कार्ड होणार नाही म्हणाले, पॅकिंगला मशीन येतंय. खरोखरचं.

मी पत्र घेऊन निरंजन सरांकडे गेलो. म्हटलं, मी मालकांना खरं सांगणार. सरांनी दार लावलं आणि पाणी दिलं. म्हणाले, "अवश्य सांग. कप परत जाईल, मी जाईन, तू जाशील. आणि गणराजने दुसऱ्याच्या नावावर खेळून फसवलं असा शेरा बसेल, मग चाकणात त्याला कुठलाही ठेकेदार गेटच्या आत घेणार नाही. पिंटूच्या नावाचं जुनंही बाहेर निघेल. बघ, तुझं मन मोठं आहे."

मी गणराजला विचारलं. तो महाळुंग्याच्या खोलीत सामान बांधत होता, पिशवीत मिक्सर भरत होता. म्हणाला, "सही करा भाऊ. तुमी न्हाई केली तर ती जागा काय मला मिळणार हाय का? कुणाचा तरी मेहुणा यील."

मी सही केली, वस्ताद. त्याचं नुकसान होऊ नये म्हणून केली, असं मी सगळ्यांना सांगतो. तुम्हाला खरं सांगतो. मलाही ती हवी होती. आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती रडली आणि मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची लाज अजून जात नाही.

आता पोरं माझ्याशी बोलतात. गणराजनेच त्यांना सांगितलं, त्याला खेळवा म्हणून. परवा सरावात चार पास आले, अगदी पायावर. चारही बाहेर मारले.

हे पत्र पोस्टाने नाही, गणराजच्या हातून पाठवतोय. आपल्या तालमीला माझ्यामागे फॉरवर्ड मिळालेला नाही असं ऐकतो. माझी जागा याला द्या. मी आता ती मागायला येणार नाही. फॉर्मवर त्याचं स्वतःचं नाव लिहा.

समर्थ


कोल्हापूर,
१८ मे २०२५

समर्थ,

गणराज पोचला. पिशवी खाली ठेवली, तुझं पत्र दिलं आणि मी वाचून होईपर्यंत उभाच राहिला. मग विचारलं, "वस्ताद, कुणाच्या नावावर खेळू?" नूरबी आत निघून गेली. मी चष्मा पुसत बसलो.

सकाळी तो एका फाउंड्रीत जातो, रोजंदारीवर. 'कायम' हा शब्द इथेही कुणी काढत नाही, उगाच तुला समाधान नको. संध्याकाळी सरावाला येतो. गल्लीने पहिले आठ दिवस नाक मुरडलं, बाहेरचा म्हणून. नवव्या दिवशी त्याचा खेळ बघितला आणि तो इथलाच असल्याचं सगळ्यांना एकदम आठवलं.

तुझी जागा त्याला दिली. स्पष्ट लिहितो म्हणजे तुझा गैरसमज राहणार नाही. तू सुट्टीला आलास तर नूरबी जेवू घालेल, मी पंक्चरसुद्धा फुकट काढीन, पण दहा नंबर मागू नकोस. सही केलीस म्हणून मी रागावलो नाही. मीही तुला सही करच म्हणालो असतो, आणि ते म्हणणं बरोबर होतं की नाही हे मला या वयातही सांगता येत नाही. लाज वाटते म्हणालास, ती वाटू दे. घालवायची घाई करू नकोस.

काल वरच्या गल्लीशी मॅच होती. स्टेडियम भरलेलं, नूरबीलाही नेलं होतं. शेवटच्या पाच मिनिटांत त्याने गोल मारला, दोघांच्या मधून, डाव्या पायाने. मग काय विचारतोस! माईकवरून नाव पुकारलं, आणि अख्खी गॅलरी उभी राहून "गणराज! गणराज!" ओरडायला लागली. पोरं कुंपणावर चढली. आणि हा बाबा पाठ करून, मान खाली घालून शांतपणे मधल्या रेषेकडे चालत निघाला. एकदाही वळला नाही.

नूरबी म्हणाली, "अवो, एवढी माणसं बोलवायल्यात, ह्यो बघत का न्हाई?"

मी म्हणालो, "त्याला वाटतंय, दुसऱ्याच कुणाला तरी बोलवायल्यात."

तुझा
लालमहंमद